खात्रीची साक्ष आणि चुकीचा चेहरा: ओळख पटवण्याच्या एका प्रकरणाचा अभ्यास

पार्श्वभूमी

जुलै १९८४च्या अखेरीस अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या बर्लिंग्टन या गावी पहाटे तीनच्या सुमारास एक माणूस २२ वर्षांच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीच्या घरात शिरला आणि तिच्या गळ्याला सुरी लावून त्याने तिच्यावर बलात्कार केला. त्याच रात्री जवळपास राहणाऱ्या आणखी एका स्त्रीवर अगदी तशाच पद्धतीने हल्ला झाला. दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे असावेत, असा पोलिसांचा अंदाज होता आणि तो पुढे बरोबर ठरला. या प्रकरणातील विद्यार्थिनी आणि आरोपी या दोघांनीही आपली हकीकत नंतर जाहीरपणे सांगितली आहे. तरीही येथे विचार करायचा आहे तो कार्यपद्धतीचा, म्हणून कोणाचेही नाव घेतलेले नाही.

त्या विद्यार्थिनीला पुढे फिर्यादी म्हणू. साक्षीदार म्हणून तिच्यात उणीव काढणे कठीण होते. हल्ला चालू असतानाच तिने मनाशी ठरवले की यातून जगलो तर हा माणूस सुटता कामा नये, आणि त्या निश्चयाने ती त्याचा चेहरा न्याहाळत राहिली. खिडकीतून येणारा उजेड, स्नानगृहातला दिवा, तो खाली वाकला तेव्हा त्याच्या तोंडावर पडलेला स्टिरिओचा निळसर प्रकाश, अशी मिळेल ती संधी तिने साधली. उंची, केशरचना, नाक, ओठ, अंगावर एखादा व्रण दिसतो का, हे सगळे ती टिपत होती. पिण्यासाठी काहीतरी करून आणते, असे सांगून ती स्वयंपाकघरात गेली आणि मागच्या दाराने, अंगाभोवती चादर गुंडाळून, शेजाऱ्यांकडे पळाली. पोलीस ठाण्यात तिने डोळे, नाक आणि ओठांच्या असंख्य नमुन्यांतून निवड करीत हल्लेखोराचे रेखाचित्र तयार करवून घेतले.

रेखाचित्र प्रसिद्ध झाल्यावर पोलिसांना निनावी खबर मिळाली, की हे चित्र एका उपाहारगृहात काम करणाऱ्या २२ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणासारखे दिसते. त्या तरुणावर पूर्वी गुन्हा नोंदलेला होता. फिर्यादी गौरवर्णीय होती.

समस्या

आज अशा प्रकरणात सगळ्यांत आधी डीएनए तपासणीचा विचार होतो. परंतु इंग्लंडातील लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांच्या हाती डीएनए ठशांचे तंत्र लागले तेच मुळी त्या वर्षीच्या सप्टेंबरात, म्हणजे या गुन्ह्यानंतर दीड महिन्याने. तेव्हा तपासाचा सारा भार एका प्रश्नावर आला: फिर्यादीने पाहिलेला माणूस हाच आहे काय? आरोपीच्या घरी गुन्ह्यात वापरल्यासारखी एक विजेरी सापडली, आणि त्याच्या बुटाचे रबर घटनास्थळी मिळालेल्या तुकड्याशी जुळण्यासारखे होते. पण अशा विजेऱ्या आणि असे बूट त्या गावात इतरांकडेही असणारच. ओळख पटली तरच या वस्तूंना पुरावा म्हणून वजन येणार होते.

येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. ‘फिर्यादीची स्मरणशक्ती चांगली होती की वाईट’ असा प्रश्न पुढे वारंवार विचारला गेला, आणि माझ्या मते तोच प्रश्न चुकीचा होता. चेहरा ओळखण्याची चाचणी एका साक्षीदारावर एका संशयितासंबंधी प्रामाणिकपणे एकदाच घेता येते. ती घेतली जात असतानाच साक्षीदार एक नवा चेहरा पाहत असतो, त्याच्याविषयी निर्णय घेत असतो, आणि तो चेहरा व तो निर्णय त्याच्या आठवणीत जमा होत असतात. पुढच्या प्रत्येक चाचणीत तपासली जाते ती मूळ घटनेची आठवण अधिक आधीच्या चाचणीची आठवण. या दोन्ही आठवणी वेगळ्या करण्याचे साधन साक्षीदाराकडे नसते, आणि न्यायाधीशाकडेही नसते.

पोलिसांपुढील पर्याय

पहिला पर्याय छायाचित्रांचा होता. संशयिताचे छायाचित्र त्याच्यासारख्या दिसणाऱ्या इतरांच्या छायाचित्रांत मिसळून साक्षीदारासमोर ठेवायचे. दुसरा पर्याय प्रत्यक्ष ओळख परेडचा. तिसरा, सर्वांत संथ, पर्याय म्हणजे ओळख पटवण्याचे काम थोडे मागे ठेवून संशयिताचे त्या रात्रीचे ठावठिकाण, त्याचे सोबती आणि कपडे यांची आधी छाननी करायची, आणि त्याच्याविरुद्ध निनावी खबरीपलीकडे काही हाती लागले तरच त्याचा चेहरा साक्षीदाराला दाखवायचा. दोन स्त्रियांवर एकाच रात्री हल्ला करणारा माणूस मोकळा फिरत असताना तपास अधिकाऱ्यांनी हा तिसरा मार्ग टाळला, याबद्दल त्यांना दोष देणे आज सोपे आहे. त्या आठवड्यात ते तितके सोपे नसावे.

चौथा पर्याय त्या काळी कोणाच्या मनातही आला नसेल. परेड किंवा छायाचित्रे हाताळणाऱ्या अधिकाऱ्याला संशयित कोण हे माहीतच नसावे, असा तो पर्याय. औषधाच्या चाचणीत कोणाला खरी गोळी दिली हे डॉक्टरलाही कळू देत नाहीत, ते तत्त्व तोवर सर्वमान्य झाले होते. ते पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचायला अजून बराच काळ जायचा होता.

प्रत्यक्ष कार्यवाही

घटनेनंतर काही दिवसांतच फिर्यादीसमोर सहा छायाचित्रे मांडण्यात आली. तिने सुमारे पाच मिनिटे घेतली. काही छायाचित्रे तिने बाजूला सारली, उरलेल्यांची आपसांत तुलना केली, आणि अखेर एकावर बोट ठेवून ‘मला वाटते, हाच तो’ अशा अर्थाचे उत्तर दिले. अधिकाऱ्याने खात्री आहे का, असे विचारल्यावर ‘वाटते’ हा शब्द गळून गेला. नंतर तिने ‘मी बरोबर केले ना?’ असे विचारले, तेव्हा तिला शाबासकी मिळाली.

ही पाच मिनिटे या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत मोलाचा पुरावा होती. पाहिलेला चेहरा समोर आला तर ओळख बहुधा चटकन पटते. एकेक छायाचित्र वगळत जाणे म्हणजे ओळखणे नव्हे; समोरच्या सहांपैकी हल्लेखोराशी सर्वाधिक साम्य कोणाचे, हे शोधणे आहे. खरा हल्लेखोर त्या सहांत नव्हताच. तो त्यांत नसण्याची शक्यता आहे, आणि कोणालाही न निवडणे हेही एक योग्य उत्तर आहे, हे तिच्या मनावर ठसले नव्हते. पोलिसांनी बोलावले त्या अर्थी त्यांच्याकडे कोणीतरी संशयित आहे, एवढे तिने गृहीत धरले, आणि ते कोणीही धरले असते.

पुढच्या आठवड्यात सात जणांची प्रत्यक्ष परेड झाली. फिर्यादी चौथ्या आणि पाचव्या क्रमांकांत अडखळली. शेवटी पाचव्या माणसाचे त्या हल्लेखोराशी सर्वाधिक साम्य आहे, असे सांगून तिने त्याला निवडले. छायाचित्रांत आणि परेडमध्येही हजर असलेला तो एकमेव माणूस होता. परेडनंतर तिला सांगण्यात आले, की छायाचित्रातही तुम्ही याच माणसाला निवडले होते. तिच्या दृष्टीने हा शिक्कामोर्तबाचा क्षण होता: दोन स्वतंत्र चाचण्यांत आपण एकाच माणसावर बोट ठेवले. वस्तुतः त्या चाचण्या स्वतंत्र नव्हत्या. दुसऱ्या वेळी तिला जो चेहरा ओळखीचा वाटला, तो निदान काही अंशी छायाचित्रातून ओळखीचा झालेला होता.

त्याच रात्रीच्या दुसऱ्या पीडितेने याच परेडमध्ये भलत्याच माणसाला निवडले, हेही येथे लक्षात ठेवावे लागेल.

आरोपीच्या बाबतीत घडलेली एक गोष्ट या अभ्यासात मला सर्वाधिक बोलकी वाटते. आपले नाव घेतले जात आहे हे कळल्यावर तो स्वतःहून ठाण्यात गेला आणि त्या रात्री आपण कोठे होतो हे त्याने सांगितले. सांगताना त्याने दोन शनिवार-रविवारांची गल्लत केली. पोलिसांनी चौकशी केल्यावर त्याने दिलेली माहिती खोटी निघाली. तो त्या रात्री घरीच कोचावर झोपला होता, असे कुटुंबीयांनी मागाहून सांगितले, तेव्हा ती सारवासारव वाटली. म्हणजे एकाच प्रकरणात दोन माणसांच्या आठवणी चुकल्या. एकीची चूक खात्रीशीर साक्ष म्हणून नोंदली गेली आणि दुसऱ्याची चूक लबाडी म्हणून. मागच्या आठवड्यातला शनिवार कोणता आणि त्याच्या आधीचा कोणता, हे आपल्यापैकी कितीजण शपथेवर सांगू शकतील?

न्यायालयातील दोन फेऱ्या

जानेवारी १९८५मध्ये पहिला खटला उभा राहिला तोपर्यंत फिर्यादीच्या मनात शंकेला जागा उरली नव्हती. तिने ज्युरीसमोर आरोपीकडे निःसंदिग्धपणे बोट दाखवले. दुसऱ्या पीडितेने दुसऱ्याच माणसाला निवडले होते, ही बाब ज्युरीपुढे येऊ दिली गेली नाही. बलात्कार आणि घरफोडी यांबद्दल आरोपीला जन्मठेप आणि वर ५० वर्षे अशी शिक्षा झाली.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ आणि १९७७ या वर्षांच्या निकालांतून अशा साक्षीची विश्वासार्हता ठरवण्यासाठी पाच निकष घालून दिले होते: पाहण्याची संधी किती होती, लक्ष किती होते, आधी दिलेले वर्णन किती जुळते, साक्षीदाराची खात्री किती आहे, आणि मध्ये किती काळ गेला. या पाचही निकषांवर फिर्यादीची साक्ष उत्तम ठरत होती. तिने जवळून, बराच वेळ, मुद्दाम लक्ष देऊन पाहिले होते. ओळख काही दिवसांतच पटवली होती. आणि तिला पूर्ण खात्री होती. निकषांत एक फट मात्र राहून गेली होती. संधी आणि लक्ष किती होते हे कळते साक्षीदाराच्याच तोंडून, आणि ते त्याने ओळख पटवल्यानंतर. त्या उत्तरांवर ओळखीनंतर मिळालेल्या शाबासकीचाही रंग चढत असेल, तर पाच निकष वेगवेगळे राहत नाहीत.

दरम्यान तुरुंगात आरोपीची गाठ अशाच गुन्ह्यांबद्दल शिक्षा भोगणाऱ्या दुसऱ्या एका कैद्याशी पडली. दोघांत इतके साम्य होते, की तुरुंगातले लोक एकाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारीत. बर्लिंग्टनचे ते दोन गुन्हे आपलेच आहेत, असे या दुसऱ्या कैद्याने एका सहकैद्याजवळ बोलून दाखवले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, दुसऱ्या पीडितेच्या निवडीचा पुरावा वगळणे चुकीचे होते या कारणावरून, पहिली शिक्षा रद्द केली आणि नोव्हेंबर १९८७मध्ये पुन्हा खटला चालला. या वेळी न्यायाधीशांनी ज्युरीच्या गैरहजेरीत त्या कैद्याला न्यायालयात आणवले.

फिर्यादीने त्याच्याकडे पाहिले. तिला काहीही आठवले नाही. या माणसाला आपण कधी पाहिलेलेच नाही, असे तिने सांगितले. तो तिचा खरा हल्लेखोर होता.

ज्युरीपुढे तो कबुलीचा भाग आलाच नाही. स्मृतीविषयी तज्ज्ञाची साक्ष मांडण्याची बचाव पक्षाची विनंतीही फेटाळली गेली, आणि पुढे अपिलातही तो निर्णय कायम राहिला. शिवाय दुसऱ्या पीडितेनेही आता याच आरोपीला ओळखले. दुसरा खटला आरोपीला पहिल्यापेक्षा महागात पडला: दोन्ही हल्ल्यांबद्दल दोषी ठरवून त्याला जन्मठेप आणि वर ५४ वर्षे शिक्षा सुनावण्यात आली.

निष्पत्ती

१९९५मध्ये नव्या वकिलांच्या अर्जावरून जपून ठेवलेल्या नमुन्यांची डीएनए तपासणी झाली. एका पीडितेचे नमुने खराब झाले होते. दुसरीचे शाबूत होते. ते आरोपीशी जुळले नाहीत, परंतु त्या दुसऱ्या कैद्याशी जुळले, आणि त्यानेही मग गुन्हा कबूल केला. तपासणीसाठी फिर्यादीकडे रक्ताचा नमुना मागितला गेला तेव्हा तिने तो निःशंक मनाने दिला होता; आपले म्हणणे आता प्रयोगशाळेतूनही सिद्ध होईल, अशी तिची समजूत होती. साडेदहा वर्षे तुरुंगात काढून आरोपी ३० जून १९९५ रोजी सुटला. राज्यपालांनी त्याला माफीपत्र दिले आणि राज्याने अखेर सुमारे १ लाख १० हजार डॉलर भरपाई दिली.

निकाल कळल्यानंतरही फिर्यादीच्या दुःस्वप्नांत येणारा चेहरा निर्दोष सुटलेल्या माणसाचाच राहिला. प्रयोगशाळेचा अहवाल तिने मान्य केला होता, त्यावर तिचा विश्वास होता, तरीही आठवण हलली नाही. सुमारे दोन वर्षांनी ती स्वतःहून त्याला भेटली आणि तिने क्षमा मागितली. त्यानंतरच्या काळात दोघांनी मिळून ओळखपद्धतीत सुधारणा व्हाव्यात म्हणून काम केले. तपास अधिकाऱ्यांपैकी एक पुढे बर्लिंग्टनचा पोलीस प्रमुख झाला आणि त्याच्या खात्याने आपली ओळख पटवण्याची पद्धत बदलली.

स्मृतीचे काय झाले असावे

इतक्या निश्चयाने पाहिलेला चेहरा पुसला कसा गेला, हा प्रश्न स्वाभाविक आहे. एक कारण असे, की निश्चय आणि नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षणार्थींना खोट्या पण अत्यंत कठोर चौकशीतून नेऊन, दुसऱ्या दिवशी चौकशी करणाऱ्याला ओळखायला सांगण्याचा एक प्रयोग २००४मध्ये प्रसिद्ध झाला. ५००हून अधिक जणांवर केलेल्या त्या प्रयोगात, ज्यांची चौकशी सौम्य होती त्यांची ओळख अधिक अचूक निघाली. ज्यांच्यावर शारीरिक दडपण आणले गेले त्यांनी, अर्धा तासभर समोरासमोर असूनही, पुष्कळदा चुकीचा माणूस निवडला. शस्त्र समोर असले की लक्ष शस्त्राकडे ओढले जाते, आणि आपल्याहून वेगळ्या वंशाच्या चेहऱ्यांतले बारीक फरक टिपण्यात माणसे कमी पडतात, या दोन्ही बाबींना भरपूर प्रायोगिक आधार आहे. या प्रकरणात तिन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या.

तरी माझ्या मते निर्णायक ठरले ते नंतरचे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४मध्ये मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखवून विद्यार्थ्यांना वेगाचा अंदाज विचारला. प्रश्नात ‘आदळल्या’ अशा अर्थाचे जोरकस क्रियापद होते तेव्हा अंदाजाची सरासरी ताशी ४०.८ मैल आली. ‘स्पर्श झाला’ अशा अर्थाच्या सौम्य शब्दाने ती ३१.८वर उतरली. अशाच दुसऱ्या प्रयोगात, जोरकस शब्द ऐकलेल्यांपैकी अधिक जणांना आठवड्याभराने चित्रफितीत नसलेल्या फुटक्या काचा ‘आठवल्या’. पुढे १९९८मध्ये गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड यांनी या प्रकरणाशी थेट जुळणारा प्रयोग केला. गुन्हेगार ज्यांत नाहीच अशा छायाचित्रांतून निवड करायला लावून, काही साक्षीदारांना ‘छान, तुम्ही संशयितालाच ओळखलेत’ असे सांगितले. एवढ्या एका वाक्याने त्यांना असे आठवू लागले की निवडतानाच आपल्याला खात्री होती, आपण चेहरा नीट पाहिला होता आणि लक्षही पूर्ण होते. शाबासकीने भूतकाळ दुरुस्त करून दिला, असेच म्हणावे लागेल.

१९८७मध्ये फिर्यादीला खरा हल्लेखोर अनोळखी का वाटला, याचे उत्तर येथे सापडते. तीन वर्षे ती त्या रात्रीची आठवण काढत होती, आणि प्रत्येक वेळी त्या आठवणीतला चेहरा आरोपीचा होता.

काय वेगळे करता आले असते

नॉर्थ कॅरोलिनाने २००७मध्ये केलेला आणि मार्च २००८पासून लागू झालेला कायदा हे या प्रश्नाचे एक लेखी उत्तर आहे. संशयित कोण हे माहीत नसलेल्या अधिकाऱ्याने परेड घ्यावी, गुन्हेगार समोरच्यांत नसूही शकेल असे साक्षीदाराला आधी सांगावे, किमान पाच इतर व्यक्ती असाव्यात, आणि निवड होताच साक्षीदाराची खात्री त्याच्याच शब्दांत नोंदवावी, अशा तरतुदी त्यात आहेत. चेहरे एकामागून एक दाखवण्याचीही सक्ती आहे; मात्र तिच्या उपयोगाबद्दल संशोधकांत मतभेद आहेत, आणि मला ती बाकीच्या तरतुदींइतकी महत्त्वाची वाटत नाही. पहिल्या चाचणीच्या क्षणी व्यक्त झालेली खात्री, चाचणी नीट घेतलेली असेल तर, बरीच विश्वासार्ह असते असे अलीकडचे संशोधन सांगते. तसे पाहता फिर्यादीच्या स्मृतीने १९८४च्या ऑगस्टमध्ये खरे तेच सांगितले होते: पाच मिनिटांचा विलंब, ‘मला वाटते’, चौथ्या-पाचव्यातील घोळ. ज्युरीने मात्र ऐकली ती १९८५ची खात्री.

हे प्रकरण भारतीय वाचकाला परके वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे ओळख परेडचा आधार पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ९मध्ये होता आणि १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ७मध्ये आहे. महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेनुसार एका आरोपीसाठी किमान सहा डमी, म्हणजे प्रकरणाशी संबंध नसलेल्या व्यक्ती, उभ्या करायच्या असतात आणि परेड कार्यकारी दंडाधिकारी घेतात. पोलिसांना तेथे थांबता येत नाही. बर्लिंग्टनमध्ये १९८४ साली यांतली शेवटची अट असती तर शाबासकीचा प्रसंग टळला असता. उलट बाजू अशी, की आपल्या कायद्यात परेड हा केवळ पूरक पुरावा आहे आणि मूळ पुरावा म्हणजे न्यायालयातील ओळख. ती अनेकदा घटनेनंतर काही वर्षांनी, आरोपी पिंजऱ्यात उभा असताना पटवली जाते. मधल्या काळात साक्षीदाराने वर्तमानपत्रात किंवा मोबाइलवर तो चेहरा कितीदा पाहिला, याचा हिशेब कोणीच ठेवत नाही.

साक्षीदाराकडून छायाचित्रासारख्या स्मरणशक्तीची अपेक्षा धरता येत नाही आणि त्याच्या मनाच्या पडद्यावर घटनेची फीत पुन्हा लावली जात नाही, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका अपिलात १९८३ सालीच नमूद केले आहे. त्या निकालाचा आधार तेव्हापासून प्रामुख्याने साक्षीतील किरकोळ विसंगतींकडे दुर्लक्ष करण्यासाठी घेतला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु मनात फीत नसेल, तर जी साक्ष वर्षांगणिक अधिक सुसंगत आणि अधिक ठाम होत जाते तिच्याकडेही त्याच निकालाच्या प्रकाशात पाहायला हवे. त्यासाठी परेडच्या पंचनाम्यात ‘हात लावून ओळखले’ एवढ्या नोंदीसोबत साक्षीदाराने किती वेळ घेतला, आधी कोणासमोर तो थबकला आणि त्याच्या तोंडून पहिले शब्द कोणते निघाले, हेही लिहून ठेवावे लागेल. बर्लिंग्टनच्या ज्युरीला नेमक्या याच तीन गोष्टींचा अर्थ कोणी समजावून सांगितला नव्हता.